आवडाबाईंची मोजणी

आवडाबाईंना मी फार कमी ओळखत होतो, हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या वाचनालयाचे शिवदास दोनदा घरी आले. म्हणाले, "भाऊ, यंदाच्या अंकात गावातल्या गेलेल्या माणसांवर लिहून घेतोय. आवडाबाई बत्तीस वर्षं तुमच्या पडवीत बसल्या. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मी हो म्हणालो आणि पुढचे आठ दिवस नुसता वही उघडून बसलो.

बत्तीस वर्षं हे खरं आहे. पण त्यांचं माहेर कुठलं, मला माहीत नाही. नवरा कशानं गेला, माहीत नाही. त्यांचं आडनाव मी पहिल्यांदा वाचलं ते बाराव्याच्या दिवशी, फोटोखाली. चहात साखर किती लागायची हेही सांगता येणार नाही. चहा आतून यायचा, मी तो पडवीच्या कठड्यावर ठेवायचो आणि परत फिरायचो. त्यांचा कप वेगळा होता. तो कोनाड्यात असायचा. आजही आहे.

मी हायस्कुलात कारकून होतो. दाखले आणि अर्ज सोडून आयुष्यात काही लिहिलेलं नाही, तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आवडाबाई डोंगराकडच्या वाडीतून सकाळी आठच्या सुमारास उतरायच्या. वाडीवर त्यांची थोडी भातशेती होती. ती आवरली की दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्या आमच्याकडे सुपारी सोलायला असायच्या. झाडावरून उतरवलेली सुपारी खळ्यात महिना-दीड महिना वाळते, मग तिची साल काढायची. लाकडी पाटावर एक लोखंडी पातं उभं ठोकलेलं असतं. पाटावर एक पाय दाबून बसायचं, सुपारी पात्यावर टेकवायची, एक दाब, एक पीळ, आणि साल एका बाजूला, सुपारी दुसऱ्या बाजूला. मी सोलली तर बोट कापायचं. त्या समोरच्याशी बोलत, रस्त्यावर बघत, मिनिटाला सहा सोलायच्या. कमी नाही, जास्त नाही. हे मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. मिनिटाला सहा.

त्या सुईणही होत्या. गावात आता सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि तेच बरोबर आहे. आवडाबाईही तेच म्हणायच्या. गेल्या वीस वर्षांत त्यांनी घरी कुणाला बाळंत केलं नाही. पण दवाखान्यात जायचं कधी, हे विचारायला बायका त्यांच्याकडे यायच्या. आमच्या पडवीतच यायच्या, कारण आवडाबाई तिथे सापडायच्या. अशी कुणी आली की मी उठून घरामागच्या माडांच्या वाडीत जायचो. बायकांचं बोलणं ऐकू नये, असं आमच्यात होतं. तरी वाडीतल्या पहिल्या माडापर्यंत आवाज यायचा, आणि मी पहिल्या माडापाशीच थांबायचो. तेव्हा मला काही कळत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

"दुखतंय कुठं? पुढं का पाठीत?" त्या विचारायच्या.

"पोटात, मावशी. मधेच इथं, मधेच तिथं."

"उठून चाल जरा. पानी पी. थांबली का कळ?"

"थांबली."

"मग ती कळ न्हाय. पोर नुसतं दार वाजवून बघतंय. घरी जा, भात खा."

पण एखादीला त्या हातातली सुपारी न थांबवता सांगायच्या, "बस इथं. सासूची चहाडी सांग मला." ती हसायची आणि बोलू लागायची. बोलता बोलता मधेच गप्प व्हायची. आवडाबाई त्याच क्षणी सोललेल्या सुपारीची रास हातानं बाजूला सारायच्या आणि नवी रास सुरू करायच्या. परत ती बोलू लागायची, परत गप्प व्हायची, की तिसरी रास. मग त्या एकेका राशीतल्या सुपाऱ्या मोजायच्या. "खरी कळ आली की बाई बोलायची थांबते," हे त्यांचं सूत्र होतं. "बोलत राह्यली तर खुशाल घरी न्या." खरी कळ पाठीतून निघून पुढे येते, चाललं तरी थांबत नाही, आडवं झालं तरी थांबत नाही, पोट हाताला घट्ट दगडासारखं लागतं आणि दोन कळांमधली सुपारी कमी कमी होत जाते. हे सगळं मी माडापाशी उभा राहून शिकलो.

आणि त्यांचा एक हिशेब होता, तो आमच्याच गावाचा. "पनवेलची बाई तिसावर उठली तरी चालतं. तिच्या दारात दवाखाना. आपल्याला म्हसळ्याचा घाट हाय. आपण साठावर उठायचं." साठ सुपाऱ्या म्हणजे दहा मिनिटं. आणि अंगावरून लालसर चिकट गेलं, किंवा पाणी गेलं, तर मोजत बसायचं नाही, होतं तसं निघायचं.

माझी मुलगी श्रद्धा त्यांच्याच हातांवर जन्मली. त्या आमच्याकडे यायला लागल्या त्याच वर्षी. आधी पडवीत राशी झाल्या होत्या, मग पातं बाजूला ठेवून त्या हात धुऊन आत गेल्या. माझी बायको नंतर म्हणायची, "मी ओरडले तर आवडाबाई म्हणाल्या, जोरात ओरड, भाऊ वाडीत पळालाय, ऐकायला कोण न्हाय." ती गेली त्यालाही आता नऊ वर्षं होतील.

तीन वर्षांपूर्वी श्रद्धा पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली. घरात बाई माणूस नाही म्हणून माझी मोठी बहीण गोदावरी, आम्ही तिला अक्का म्हणतो, पुण्याहून आली. श्रद्धाचं नाव माणगावच्या एका प्रसूतिगृहात घातलं होतं. डॉक्टरबाईंनी तारीख दिली होती चौदा नोव्हेंबर. जावई सुयश म्हणाले, "बाबा, मी दहालाच पुण्याहून गाडी घेऊन येतो. काळजी करू नका."

दिवाळी ऑक्टोबरात होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आवडाबाई आल्या तेव्हा श्रद्धा अंगणात पितळी समया घासत बसली होती. आधीचे पंधरा दिवस तिला जिना चढवत नव्हता, धाप लागायची. त्या दिवशी समया झाल्या, मग तिनं देव घासले, मग माळ्यावरचे डबे मागितले.

"लय हुरूप आलाय पोरीला," आवडाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"दिवाळी आहे ना," मी म्हणालो.

"धाप लागत न्हाय का गं आता?"

"नाही मावशी. कालपासून एकदम मोकळं वाटतंय. चालताना मात्र बदकासारखी चालते."

आवडाबाईंनी हात धुतले, तिच्या पोटावर ठेवले आणि काढले. मी तोवर पाठ फिरवली होती. त्या माझ्यामागून वाडीच्या वाटेपर्यंत आल्या. "भाऊ, पोट उतरलंय. डोकं खाली बसलंय. उद्या-परवाचं काम हाय. चंदरला गाडीचं सांगून ठेवा."

"डॉक्टरांनी चौदा तारीख दिलीय."

"पोरानं वाचलीय का ती तारीख?"

मी हसलो आणि सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. सणाच्या दिवशी चंदरला कशाला त्रास, असं वाटलं. मला कुणालाही काही सांगायचं म्हणजे संकट वाटतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण ते कारण म्हणून पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. अक्कानं पंचांग पाहून ठेवलं होतं. ग्रहण लागणार पाचच्या आसपास, आणि सूर्य ग्रासलेलाच समुद्रात बुडणार. पोटुशीनं काय काय पाळायचं याची अक्काकडे मोठी यादी होती. बाराला जेवण आटपून श्रद्धाला माजघरात बसवलं. खिडक्यांना पडदे. झोपायचं नाही, शिवायचं नाही, काही खायचं नाही, उठायचं नाही. आणि घरात कुठेही सुरी, विळी, कात्री चालवायची नाही. कापलं तर पोराचा ओठ फाटतो, असं आमच्याकडे मानतात. विळी अक्कानं स्वतः फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. मी शिकलेला माणूस आहे. हायस्कुलात विज्ञानाच्या प्रयोगशाळेचं सामान तीस वर्षं माझ्या रजिस्टरात होतं. तरी मी काही बोललो नाही. पहिलटकरीण आहे, उगाच धोका कशाला, असं मलाही आतून वाटत होतं.

एकच्या सुमाराला पडवीतून आवाज आला. पात्यावर सुपारी टेकल्याचा. कट्. थोड्या वेळानं कट्.

सणाच्या दिवशी, त्यात ग्रहण, कुणी कामाला येत नाही. गेल्या मोसमातली दोन गोणी सुपारी उरली होती, त्याची मला काही घाई नव्हती. तरी आवडाबाई आल्या होत्या. आल्या त्या नेहमीच्या जागी बसल्या नव्हत्या. माजघराच्या खिडकीखाली पाट ओढून बसल्या होत्या. पडद्यामागून श्रद्धा त्यांच्याशी बोलत होती. पुण्यातल्या शेजारणीचं काहीतरी सांगत होती.

अक्काचा जप चालू होता. पाऊण तासानं तिनं डोळे उघडले. "भाऊ, पातं कोण चालवतंय? वेधात?"

"आवडाबाई आहेत."

"त्यांना काही रीत आहे की नाही? खिडकीखाली बसून कापतायत! उठव आधी."

मी पडवीत गेलो. गोणपाटावर तीन राशी होत्या, चौथी सुरू होती.

"आवडाबाई, आज नको," मी म्हणालो. "ग्रहण आहे."

"कापीत न्हाय भाऊ, सोलतेय."

"अक्का रागावलीय. पातं बंद करा."

त्यांनी आवाज खाली आणला. "पोर म्हणते, सकाळधरनं पाठ धरलीय. मी आल्यापासून मोजते. पयली मोठी झाली, दुसरी त्याच्याहून कमी, ही बघा तिसरी. आणि भाऊ, पोरीला विचारून बघा, अंगावरनं तिला..."

"ते अक्काला सांगा," मी पटकन म्हणालो. माझे कान तापले होते. बायकांच्या त्या गोष्टी माझ्यासमोर बोलल्या जाणार, हे मला सोसवलं नाही.

"अक्का माझ्याशी बोलत न्हाईत. जप चाललाय. म्हणून तुमाला सांगते. गाडी काढा आता."

इथे मला खरं लिहायचं आहे. मला कळलं होतं. राशीचा अर्थ मला माहीत होता. इतकी वर्षं मी माडापाशी उभा राहून ऐकलेलं होतं, आणि माझ्या स्वतःच्या मुलीच्या जन्माच्या राशी मी पाहिल्या होत्या. तिसरी रास साठाच्या आत होती हे नजरेलाच दिसत होतं. पण आत अक्का होती. भर वेधात पोटुशीला उन्हात बाहेर काढायचं म्हणजे तिच्याशी भांडायला हवं होतं. उद्या पोराला काही व्यंग निघालं तर ती जन्मभर मला बोलली असती. मी मनात म्हटलं, बसून बसून पाठ दुखत असेल. संध्याकाळपर्यंत कळेलच.

"ग्रहण सुटल्यावर बघू," मी म्हणालो. "तुम्ही घरी जा."

त्यांनी पात्यावरून पाय काढला. "पातं नको तर नुसती बसते. मनात मोजते."

तेव्हा मी आत गेलो आणि चकल्या, लाडू, करंज्या कागदात बांधून आणल्या. मला वाटलं, किंवा वाटून घ्यायला सोपं पडलं, की त्या फराळासाठीच थांबल्यात. "हे न्या घरी. ग्रहण सुटल्यावर खा."

आवडाबाईंनी पुडकं घेतलं. माझ्याकडे पाहिलं. मग पायऱ्या उतरल्या. पातं असलेला पाट मी उचलून पडवीच्या टोकाला ठेवला आणि राशींवर गोणपाट टाकलं.

साडेतीनला श्रद्धानं हाक मारली. तिला लाज वाटत होती. "आत्या, कपडे ओले झालेत. कळलंच नाही मला."

"उठू दिलं नाही म्हणून झालं असेल गं," अक्का म्हणाली. "पोट दाबतं मूत्राशयावर. होतं असं. बस, कोरडं दे तिला भाऊ. नको, मीच देते." आणि तिनं परत माळ घेतली. अक्का दुष्ट नाही. तिला मूल झालं नाही. तिला ठाऊक होतं ते ऐकलेलं होतं आणि पंचांगातलं होतं. ज्याला ठाऊक होतं तो मी, दाराच्या बाहेर, वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसलो होतो.

श्रद्धा मधून मधून बोलायची आणि मधून मधून गप्प व्हायची. पडवीत पातं चालत नव्हतं, म्हणून मध्ये किती वेळ जातो ते कुणी मोजत नव्हतं. माझ्या मनगटावर घड्याळ होतं.

सूर्य बुडाला. अंघोळीचं पाणी तापलं होतं. श्रद्धाला उठवलं तेव्हा तिला सरळ उभं राहवेना. अक्का तिला धरून न्हाणीत घेऊन गेली आणि लगेच बाहेर आली. तिच्या हातात श्रद्धाचा परकर होता. त्यावर हिरवट डाग होता, शेवाळासारखा.

"भाऊ," एवढंच ती म्हणाली.

मी अनवाणी रस्त्यावर धावलो. चंदरचं घर कुठे, त्याच्या गाडीत तेल असेल का, ग्रहणाच्या दिवशी तो येईल का, हे सगळं एकदम डोक्यात होतं. आणि आमच्या आळीच्या तोंडाशी चंदरची गाडी उभी होती. तोंड म्हसळ्याकडे करून. चंदर बॉनेटवर बसला होता. मागच्या सीटवर धुतलेली चादर अंथरून आवडाबाई बसल्या होत्या. फराळाचं पुडकं मांडीवर तसंच होतं.

"या एकदाचे!" चंदर ओरडला. "मावशी दोन वाजल्यापासून माझ्या दारात ठाण मांडून बसली. म्हटलं जेवू दे. म्हणते, वेध हायेत, जेवायचं न्हाय, गाडी पूस. पुसली. मग म्हणते चाकात हवा बघ. मग म्हणते चल आळीत जाऊन उभा राहा. दोन तास उभा आहे, लोक विचारतायत गाडी बंद पडली का!"

"तू गाडी चालू कर," आवडाबाई म्हणाल्या. "तोंड मागनं चालव."

घाटात त्यांनी श्रद्धाला डाव्या कुशीवर घेतलं आणि तिच्या पोटावर तळहात ठेवून बसल्या. सुपारी नव्हती, म्हणून त्या सोलण्याच्याच चालीनं, सावकाश, पुटपुटत मोजत होत्या. मी पुढे बसून ते ऐकत होतो. अठरावर श्रद्धा ओरडायची. मग परत एक, दोन, तीन.

"मावशी, बाळ हलत नाहीये का?" श्रद्धानं विचारलं.

"हलतंय गं. तुझ्यासारखंच हाय, आपल्या सवडीनं येतंय. तू पन येताना बापाला वाडीत पळवलं होतंस."

माणगावला पोचलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. तिला लगेच आत नेलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या, आणि रागावणं बरोबरच होतं.

"पाणी कधी गेलं?"

"साडेतीनला," मी म्हणालो.

"साडेतीन? पाच तास? हिरवं पाणी आहे. बाळानं आत शी केलीय, ते त्याच्या छातीत गेलं तर काय होतं कळतंय तुम्हाला? कुणी थांबवलं तिला घरी?"

बाकड्यावर आणखी चार-पाच माणसं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. मी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता, दिवाळीचा. ग्रहण हा शब्द माझ्या तोंडाशी आला आणि तिथेच राहिला. माझ्या शेजारी, पायात चपला नसलेल्या, पदराला चादरीचं टोक गुंडाळलेल्या आवडाबाई उभ्या होत्या.

"या आमच्या गावच्या सुईण," मी म्हणालो. "या म्हणाल्या, वेळ आहे अजून."

डॉक्टरबाई त्यांच्याकडे वळल्या. काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही. अडाणी म्हणाल्या, जीव घ्याल म्हणाल्या. त्या माझ्याबद्दल बोलत होत्या, फक्त पत्ता चुकला होता, आणि तो मीच चुकीचा दिला होता. नर्सनं कागदावर लिहून घेतलं. आवडाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून ऐकलं. डॉक्टरबाई आत गेल्यावर त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. तासाभरानं नर्सनं सांगितलं, ऑपरेशन झालं, मुलगी झाली, रडायला उशीर लागला, काचेच्या पेटीत ठेवावं लागेल.

"पन रडली ना?" आवडाबाईंनी मला विचारलं.

"रडली."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि चंदरबरोबर परत गेल्या.

नात अकरा दिवस पेटीत होती. वाचली. आता तीन वर्षांची आहे, बडबडी आहे. मी गावी परतलो तेव्हा पडवीत त्या राशी गोणपाटाखाली तशाच होत्या. मी बसून मोजल्या. ब्याण्णव. चौऱ्याहत्तर. अठ्ठावन्न. चौथी अर्धवट होती, अकरा. तिथे मी त्यांना थांबवलं होतं.

माणगावच्या कागदाचं पुढे काय होतं, मला ठाऊक नव्हतं. महिन्याभरानं आरोग्य केंद्रातून दोघं वाडीवर आले. आवडाबाईंची सून क्रांती आशाताई आहे. दारोदार जाऊन बायकांना दवाखान्यात पाठवण्याचंच तिचं काम. तिच्याच घरात सुईण आणि तिनंच बाईला अडवून ठेवलं, यावर तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं. क्रांतीनं सासूला विचारलं. सासू म्हणाली, "झालं ते झालं." क्रांतीनं सांगितलं, "आजपासून कुणाच्या पोटाला हात लावायचा न्हाय." आवडाबाईंनी त्यानंतर लावला नाही.

हे मला चंदरनं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, काहीतरी घोटाळा झालाय. मावशीनं तर मला दोन वाजता उठवलं होतं." मी म्हणालो, "दवाखान्यात लिहिताना चूक झाली असेल." श्रद्धानंही एकदा विचारलं, "बाबा, मावशी तर खिडकीतून सारखी म्हणत होती ना, निघू म्हणून?" मी म्हणालो, "तुला त्या वेळी नीट कळत नव्हतं गं." डॉक्टरबाईंसमोर घाबरून बोललो, असं म्हणता येईल. ही दोन वाक्यं मी घरात बसून, चहा पिताना बोललो.

आवडाबाई सुपारी सोलायला येत राहिल्या. याचंच मला नवल वाटायचं आणि बरंही वाटायचं. पण पडवीत बायका येईनाशा झाल्या. एकदा बोर्लीच्या बाजाराला जाणारी एक अवघडलेली पोर कठड्यापाशी थांबली. "मावशी, बघा ना, कालपासून पाठ..." आवडाबाई पात्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "क्रांतीकडं जा बाळा. तिला विचार." ती गेल्यावर मात्र त्या हात थांबवून ती चालते कशी ते वळणापर्यंत बघत राहिल्या.

मी रोज ठरवायचो, आज बोलायचं. क्रांतीकडे जायचं, आरोग्य केंद्रात लिहून द्यायचं. अर्ज लिहिणं हेच तर माझं काम होतं. दोन अर्ज लिहिलेही. ते कपाटातच राहिले. एकदा धीर करून मी पडवीत गेलो आणि म्हणालो, "आवडाबाई, त्या माणगावच्या दिवशी..."

"सुपारी ओली हाय भाऊ अजून," त्या म्हणाल्या. "दोन ऊन दाखवा, मग देते सोलून." मी सुपारी उन्हात पसरायला लागलो.

यंदा माघात त्या गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्या नाहीत. बाराव्याला वाडीवर गेलो. माणसं चांगलं बोलत होती. किती पोरं त्यांच्या हातावर आली याची गणती चालली होती. एक जण म्हणाला, "बाई गुणाची. शेवटी तेवढं ते भाऊंच्या पोरीचं एक बिघडलं." सगळ्यांनी मान हलवली. क्रांती समोर बसली होती. मी जवळच होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि चपला शोधायला उठलो.

म्हणून हे लिहिलं. क्रांती अंक वाचते, मला माहीत आहे. तिच्या सासूनं कुणालाही थांबवलं नाही. थांबवलं मी. कपाटातला एक अर्ज आता आरोग्य केंद्रात दिला आहे, त्याची पोचही घेतली आहे. काल श्रद्धाला फोन करून सगळं सांगितलं. ती बोलायची थांबली. मी घड्याळाकडे बघत राहिलो. मग तिनं विचारलं, "मावशीला सांगितलंत का हे, ती असताना?"

नाही सांगितलं. शेवटची संधी होती ती त्या तापानं पडल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी. त्या पाट उभा करून ठेवत होत्या, पदर झटकत होत्या. सुपारीची एकच मोठी रास होती. पूर्वीसारख्या लहान राशी त्यांनी परत कधी केल्या नाहीत. मी दारात उभा होतो. सगळं वाक्य मनात तयार होतं.

"आज किती झाल्या?" मी विचारलं.

"मोजल्या न्हाईत भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमीच मोजून घ्या. गोणीचं तोंड तेवढं बांधा, उंदीर हायेत."

"बांधतो," मी म्हणालो.